बाळाचे वजन होते, आईच्या मनाचे काय?

ऊसतोडीचा हंगाम आला की कोऱ्हाळे बुद्रुकच्या, सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात मजुरांच्या कोप्या पडतात. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या एका 'कोयत्या'वर असते. खाडा पडला की दंड. म्हणून ओली बाळंतीणही फडात उतरते. झोप नाही, माहेर दूर, डोक्यावर उचल. अशा वेळी सतत रडू येणे, बाळाला जवळ घ्यावेसे न वाटणे हा आजार असू शकतो. ती बाहेरची बाधा नव्हे, आईचा दोषही नव्हे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताईंच्या ४२ दिवसांत सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. बाळाचे वजन, ताप, स्तनपान पाहताना आईच्या मनाचे दोन प्रश्नही विचारता येतील. मात्र ही भेट कोपीपर्यंत पोहोचली पाहिजे. 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते, हेही तिला सांगितले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला. आज कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती ऊसतोड आईपर्यंत येत नाही. बाळंतपणातला खाडा माफ आणि बुडालेली मजुरी कारखाना व शासनाकडून, ही मागणी आता हंगामापूर्वीच लावून धरली पाहिजे.