गोरोबाकाकांचे थापटणे कुठे गेले?

दिवाळीच्या फराळाच्या बाबतीत आपण मराठी माणसे किती निर्भीड असतो! चकली दाताला कडक लागली तर ‘मोहन कमी पडलं’ असे सांगायला पाहुणासुद्धा दोनदा विचार करीत नाही. अनारसा तुपात हसला की त्याच्यापाठोपाठ सारे घर हसते. पण त्याच घरातल्या मुलाने चार महिने खपून एखादे गाणे रचले, आणि ते ऐकवून ‘कसं झालंय?’ असे विचारले, की हीच रोखठोक माणसे एकाएकी मवाळ होतात. ‘छान झालंय!’ एवढे दोन शब्द त्याच्या हातावर ठेवतात आणि पुन्हा चिवड्याकडे वळतात. या ‘छान’विरुद्ध माझी फिर्याद आहे, आणि पहिला आरोपी म्हणून मी माझेच नाव घालतो.

माझी बहीण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी असते. तिच्या मुलाला रॉक संगीताचे वेड आहे. गेल्या वर्षी त्याने घरातल्या माळवदाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, एका मायक्रोफोनवर आणि जुन्या लॅपटॉपवर स्वतःचे मराठी गाणे ध्वनिमुद्रित केले. गिटार त्याची, गळा त्याचा, ड्रम संगणकातले. आणि कडव्यांच्या मधे गावातल्या एका गोंधळ्याने वाजवलेले संबळ. तुळजापूरच्या वाटेवरच्या मुलाने रॉकमध्ये संबळ घालावे, ही कल्पना मला मनापासून आवडली होती. नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळ चालू असताना त्याने ते आम्हांला ऐकवले आणि म्हणाला, “मामा, खरं सांगा.”

मला खरे काय वाटले होते? शब्द कळत नव्हते. गिटार अंगावर येत होती. संबळाचा एक ठोका धड ऐकू आला नव्हता. आणि मी म्हणालो, “छान!”

खरे एकाच व्यक्तीने सांगितले. माझी म्हातारी आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “पोरगं आडात पडून ओरडतंय व्हय रं?” आम्ही सगळे हसलो. “आई, तुला त्यातलं काय कळतंय?” असे म्हणून मीच तिला गप्प केले.

पुढे एका कार्यक्रमात ते गाणे मोठ्या कर्ण्यांवर वाजले. धडधड तेवढी ऐकू आली. बाकी सारा गलका. लोक गप्पा मारू लागले. परतीच्या एस्टीत भाचा खिडकीबाहेर पाहत होता. बार्शी नाका मागे पडल्यावर तो एवढेच म्हणाला, “मामा, त्या दिवशी तुम्हालाही ऐकू आलं नव्हतं का?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता हे तेर कोणाचे गाव, हे वाचकांना सांगायला नको. तेरणेकाठी जिथे गोरा कुंभारांची समाधी आहे, तिथे आम्ही हा अपराध केला! संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले, यातले कच्चे मडके कोणते? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. बाकीचे मुकाट बसले; नामदेव तेवढे रागावले. काकांनी निकाल दिला : हे मडके कच्चे. त्या निकालाच्या खुपणीतूनच नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. त्या दिवशी गोरोबाकाका ‘सगळीच मडकी छान’ म्हणून मोकळे झाले असते तर? बैठक गोडीने संपली असती, आणि नामदेव गुरूशिवाय राहिले असते.

थापटण्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुंभार बाहेरून ठोकतो तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत आधाराला असतो. आतल्या हाताशिवाय ठोकणे म्हणजे फोडणे. आपल्याकडे दोनच जाती दिसतात : ज्यांना आतला हात तेवढा ठाऊक आहे असे नातेवाईक, आणि ज्यांना बाहेरचा तेवढा ठाऊक आहे असे टवाळ. दोन्ही हातांचा माणूस दुर्मिळ झाला आहे, आणि शिकणाऱ्या पोराला तोच हवा असतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला : खरे सांगितले तर पोर नाउमेद होईल. होईल, चार दिवस. पण घरात चार माणसांनी सांगितलेला दोष चार दिवस दुखतो. चारशे माणसांत उघडा पडलेला दोष वर्षभर दुखतो. शिवाय खोटे ‘छान’ म्हणताना आपण मनात काय म्हणतो? याच्याकडून याहून चांगले व्हायचे नाही, हेच ना? याला प्रेम म्हणवत नाही मला; हा अविश्वास आहे.

दुसरा आक्षेप : हे परदेशी वाद्यांचे धांगडधिंगे, त्यात आपण काय बोलावे? हार्मोनियमही परदेशातूनच आली. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. तोवर आमच्या भजनांनी ती केव्हाच आपलीशी केली होती. उद्या गिटारचेही तेच होईल. आणि भजनात पखवाज गळ्यावर चढला की ‘जरा दाबून वाजवा, बुवा’ असे सांगणारा कोणी संगीताचार्य नसतो; मागे बसलेला शेतकरी असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका : आम्हांला त्यातले कळत नाही. यावर माझे उत्तर माझी आईच आहे. पुढे भाच्याने एका जाणकाराला गाणे ऐकवले. तो म्हणाला, गळ्यावर चढवलेला कृत्रिम घुमारा फार झाला आहे. त्यात सभागृहाचा स्वतःचा घुमारा मिसळला, आणि शब्द बुडाले. म्हणजे काय? पोरगं आडात पडून ओरडतंय! आईने रोग अचूक सांगितला होता. तिला औषधाचे नाव तेवढे माहीत नव्हते. औषध सांगणे हे जाणकाराचे काम. कुठे दुखते ते सांगायला ऐकणारा पुरे.

बाकीचे दोषही असेच उलगडले. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने ज्या भागात स्पष्ट होतात, साधारण 2000 ते 4000 हर्ट्झच्या, तिथेच करकरीत गिटारही दाटी करते. भाच्याने गळा वाढवला नाही. त्या जागी गिटार थोडी उतरवली, आणि शब्द आपोआप वर आले. गिटारचा खालचा, 100 हर्ट्झखालचा घोंगाट छाटला, तेव्हा संबळाच्या खर्जाच्या तोंडाला जागा मिळाली. शिवाय तो रात्री कानात यंत्रे खुपसून, आवाज चढवून काम करीत असे. आवाज लहान केला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि चढवला की भरून येतो, हे अमेरिकेतल्या फ्लेचर व मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवले आहे. म्हणून गाणे लहान आवाजातही ऐकावे, फोनच्या इवल्या भोंग्यावर ऐकावे, आणि थकलेल्या कानाने रात्री निकाल न लावता दुसऱ्या सकाळी ऐकावे. साधने गरीब असल्याची सबब कोणी सांगू नये. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 साली घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेली कच्ची मुद्रणेच शेवटी ‘नेब्रास्का’ या नावाने बाहेर आली.

पण दोष एकट्या ऐकणाऱ्यांचा नाही. विचारणाऱ्यालाही माझे दोन शब्द आहेत. ‘कसं झालंय?’ हा प्रश्नच नव्हे. ती झोळी आहे, आणि झोळीत लोक चिमूटभर पीठच टाकतात. विचारावे ते असे : कोणता शब्द कळला नाही? कुठे लक्ष उडाले? कुठे आवाज कमी करावासा वाटला? या तीन प्रश्नांना ‘छान’ हे उत्तर देताच येत नाही. आणि उत्तर आल्यावर लगेच बचावाला उभे राहू नये. तोंड मिटून लिहून घ्यावे. दहा जणांपैकी सहांचे बोट एकाच जागी पडले, तर दोष तिथे आहे असे खुशाल समजावे.

बाजारात उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर पैसे देतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. कुंभाराला त्याचा राग येत नाही. मातीच्या भांड्याशी जो प्रामाणिकपणा आपण दाखवतो, तो पोटच्या पोराच्या कामाशी दाखवायला आपली जीभ का अडखळते?

भाच्याने गाणे पुन्हा केले आहे. या दिवाळीला तो ते घेऊन येणार आहे. त्याचा निरोप आला आहे : “मामा, आधी आज्जीला ऐकवायचं, मग तुम्हाला.” क्रम बरोबर आहे, माझी जागा मी गमावली, ती मला परत मिळवायची आहे. वही-पेन्सिल घेऊन बसणार आहे मी, फराळाचे ताट बाजूला सारून. तुमच्याही घरी यंदा कोणी कविता, चित्र, गाणे घेऊन येईल. त्याला लाडू जरूर द्या. पण त्याआधी एकदा वाजवून पाहा. दुसरा हात मात्र आत असू द्या.