पायाखालचा ब्रेक: डोंगराची वाट धरण्याआधी

मे-जून आला की खरडच्या फ्लायओव्हरवर पहाटेपासून सामान बांधलेल्या बाइक्स दिसू लागतात. राष्ट्रीय महामार्ग २०५ इथूनच सुरू होतो आणि रोपड, किरतपूर करत पुढे मनालीची वाट धरता येते. त्यात एमएच नंबरची गाडी दिसली की मी हमखास हात करते. पुण्या-मुंबईहून गाडी रेल्वेनं चंदिगडला आणायची आणि इथून चालवायला सुरुवात करायची, असा बेत हल्ली अनेकजण करतात.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊही असाच आला. स्पितीला निघाला होता. येताना ऑनलाइन मागवलेलं मागच्या ब्रेकचं नवं पेडल घेऊन आला आणि रात्री आमच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात बसवून मोकळा झाला. ‘‘ताई, दोन बोल्टचं काम आहे,’’ म्हणाला. सकाळी कुराळीच्या पुढून त्याचा फोन. ‘‘ताई, गाडी ओढत नाहीये. मागून जळका वास येतोय.’’ रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं वाकून पाहिलं आणि हसून म्हणाला, ‘‘पुत्तर, तू तर घरूनच ब्रेक दाबून निघालायस.’’

तुमच्या घरातलं कुणी, किंवा तुम्ही स्वतः, अशा प्रवासाला निघणार असाल तर हे वाचाच.

पेडल बदलायचंच कशाला?

हौस म्हणून बदलणारे आहेतच, पण कारणंही खरी आहेत. हिमालयन (२०१६) आणि एक्सपल्स २०० (२०१९) या गाड्यांमुळे कच्च्या रस्त्यावरचा प्रवास सामान्य घरांच्या आवाक्यात आला. मात्र बहुतेक गाड्यांचं मूळ पेडल रोजच्या चपला-बुटांसाठी आणि बसून चालवण्यासाठी बेतलेलं असतं. ग्रांफू ते काझा या वाटेवर दगड, वाळू आणि ओढे आहेत. तिथे फूटरेस्टवर उभं राहून चालवावं लागतं. पायात जाड बूट, त्यावर चिखल. अशा वेळी बारीक, गुळगुळीत पेडल पायाला सापडतच नाही.

दुसरं कारण पडण्याचं. गाडी उजवीकडे आडवी झाली की पेडलचं टोक दगडावर आपटतं आणि पेडल वाकून इंजिनच्या बाजूला चिकटतं. बाजारातल्या चांगल्या पेडलचं टोक स्प्रिंगवर दुमडणारं असतं. मार बसला की ते मागे जातं आणि परत जागेवर येतं. वर दातेरी, रुंद पट्टी असते, म्हणून ओला बूट घसरत नाही.

निवडताना धातू पाहा. लोखंडी पेडल वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. साच्यात ओतलेलं स्वस्त अॅल्युमिनियम मात्र वाकण्याऐवजी तुटतं. आणि काझाच्या वाटेवर सुटा भाग मिळत नाही.

बसवताना हा क्रम ठेवा

आधी जुन्या पेडलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. फूटरेस्टच्या तुलनेत त्याचं टोक किती वर किंवा खाली आहे, तेही मोजून ठेवा.

गाडी सरळ आणि पक्की उभी करा. पेडलची रिटर्न स्प्रिंग आणि ब्रेक लाइटच्या स्विचची बारीक स्प्रिंग सोडवा. मग पेडलला मास्टर सिलेंडरच्या पुश रॉडशी जोडणारी पिन काढा. तिच्या टोकाला स्प्लिट पिन असते. ती एकदा वाकवून काढली की परत वापरायची नाही, नवी घालायची. शेवटी मुख्य बोल्ट काढून पेडल बाहेर घ्या.

पेडल ज्यावर फिरतं ती जागा पुसून ग्रीस लावा. नवं पेडल त्याच क्रमानं उलटं बसवत या. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच आवळा. या कामात ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत नाही. कुणी ‘‘ऑइल काढावं लागेल’’ म्हणालं, तर कारण विचारा.

खरी गोम ढिलाईत

माझा भाऊ चुकला तो इथे. मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल त्या छिद्रातून टाकीत परत जातं. नव्या पेडलची उंची लावताना पुश रॉड वाजवीपेक्षा लांब राहिला, तर पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो. छिद्र बंद. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, ऑइल आणखी फुगतं आणि पॅड आणखी घट्ट बसतात. शेवटी चाक जाम होऊ शकतं, किंवा ऑइल उकळून ब्रेकच लागेनासा होतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेव्हा उताराआधी ऑइलचं वय पाहिलेलं बरं.

म्हणून पेडल हातानं हलवून पाहा. सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल हवी, मगच जोर लागायला हवा. किती, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पुश रॉडचा चेकनट सैल करून लांबी लावा आणि चेकनट पुन्हा आवळायला विसरू नका.

उंची लावताना घरातल्या चपलेवर बसू नका. प्रवासाचे बूट घाला, कुणाला तरी गाडी धरायला सांगा आणि फूटरेस्टवर उभे राहा. उभं राहिल्यावर मूळची उंची बहुधा खाली वाटते, म्हणून टोक थोडं वर घ्यावं लागतं. फार वर मात्र नको, नाहीतर बसून चालवताना पाय नकळत ब्रेकवर टेकतो.

निघण्याआधी चार गोष्टी

मागचं चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेक दाबून सोडल्यावर ते लगेच मोकळं फिरलं पाहिजे.

ब्रेक लाइट बघा. पेडलची जागा बदलली की स्विचही नव्यानं लावावा लागतो. तो राहिला तर दिवा एकतर लागत नाही, नाहीतर विझत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबताय हे कळलंच पाहिजे.

पेडल पूर्ण दाबून ते इंजिनला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना, ते पाहा. दुमडणारं टोकही दुमडून बघा.

मोकळ्या जागेत कमी वेगानं दहा-बारा वेळा ब्रेक मारा. थोडं अंतर गेल्यावर थांबा, डिस्कजवळ हात न लावता नुसता धरून उष्णता पाहा आणि बोल्ट परत तपासा.

आणखी एक. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या.

भावाच्या गाडीचा पुश रॉड मिस्त्रीनं दोन-तीन आटे फिरवून आखूड केला, डिस्क गार होऊ दिली आणि ऑइल बदलून दिलं. दोन तास गेले. तो वास सपाट रस्त्यावर आला, हे आमचं नशीब. कुंझुम ही साडेचार हजार मीटरवरची खिंड, तिच्या उतारावर असा मिस्त्री भेटला नसता. परतल्यावर भावानं ते पेडल काढलं नाही, पण आता कुठेही निघण्याआधी चाक उचलून एकदा फिरवतो. तुमच्याकडे कुणी निघणार असेल, तर डब्यात पराठे भरताना त्याला किंवा तिला एवढं नक्की विचारा, ‘‘चाक फिरवून पाहिलंस का?’’