पंतांच्या नावाला लागलेली ‘ई’

दौंडहून पुण्याला अप-डाऊन करत असाल तर यवत स्टेशन तुमच्या रोजच्या ओळखीचं. तिथून दक्षिणेला, मालशिरस गावाजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचं देऊळ आहे. तुम्ही गेला नसाल तरी कुणाच्या तरी रीलमध्ये बघितलंच असेल. खालची कॅप्शन ठरलेली : ‘प्राचीन हेमाडपंती मंदिर’. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही एकच ओळ. चुना न वापरता दगडात दगड बसवून केलेलं बांधकाम म्हणजे हेमाडपंती. पाठ झालं, मार्क मिळाला, विषय संपला.

पण हा शब्द नाव कुणाचं घेतोय, ते जरा बघा की.

हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचं दप्तर सांभाळणारे बडे अधिकारी. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामदेवराय यांच्या काळातले. विद्वान माणूस. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण त्यात आहेत व्रतं, दानं, श्राद्धाचे विधी. दगडाला खाच कुठे पाडायची, खांबावर तुळई कशी बसवायची, याचं पुस्तक नाही ते.

त्यात काळाचाही घोळ आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. पंतांच्या दोनशे वर्षं आधीचा! तरी त्या देवळालाही लोक बिनधास्त हेमाडपंतीच म्हणतात. म्हणजे आपल्याकडे काळा दगड दिसला, जुनं वाटलं, की लावली पंतांच्या नावाला ‘ई’. (मराठीत ही ‘ई’ फार कामाची. एका सुलतानाचं नाव घेतलं, ‘ई’ लावली, की तुघलकी कारभार तयार.)

इंग्रजीतही अशीच सोय आहे. तिथे ‘पॅलेडियन’ असा शब्द आहे. दर्शनी बाजूला देवळासारखे खांब, वर त्रिकोणी माथा, डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी सारखी, असं घर दिसलं की तो वापरतात. हे नाव आलं आंद्रेआ पॅलेडिओवरून. इटलीतला, १५०८ चा जन्म. पण तो मंत्री नव्हता, पंडितही नव्हता. पोरवयात दगड फोडायला, घडवायला शिकलेला पाथरवट होता तो. ‘पॅलेडिओ’ हे झोकदार नावसुद्धा त्याला एका विद्वान सरदाराने दिलेलं. पुढे १५७० मध्ये त्याने वास्तुकलेवर चार भागांचं पुस्तक छापलं, नकाशे आणि मापांसकट. ते इंग्लंडात गेलं आणि तिथल्या लोकांनी ते उघडून घरं बांधली. त्यामुळे ‘पॅलेडियन’ शब्दाचा माग काढत गेलात तर तुम्ही एका कारागिराच्या वहीपर्यंत पोचता. ‘हेमाडपंती’चा माग काढलात तर श्राद्धाच्या विधीपर्यंत.

इंग्रजी फार न्यायी आहे असं नाही हं. मधे उंच कमान आणि दोन्ही बाजूंना बुटके चौकोनी गाळे असलेल्या खिडकीला ते ‘पॅलेडियन विंडो’ म्हणतात. ती रचना सेर्लिओ नावाच्या दुसऱ्याच माणसाने १५३७ मध्ये छापली होती. नाव मोठ्याला चिकटतं, हे सगळीकडचंच.

तरी आपल्या बाबतीत मला ते जास्त खटकतं. कारण इथे मोठा कारागीर आणि छोटा कारागीर असा सवालच नाही. ज्यांनी छिन्नी धरली ते सगळेच गायब, आणि नाव लागलं दप्तर सांभाळणाऱ्याचं. ‘त्या काळी कारागिरांची नावं कोण लिहीत होतं’ असं म्हणू नका. त्याच तेराव्या शतकात शेजारी कर्नाटकात, सोमनाथपूरच्या देवळात मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची सही मूर्तींखाली कोरलेली आहे. आजही वाचता येते.

कुणी म्हणेल, शब्द रूढ झालाय, आता काय बदलणार? बदलू नकाच. आजी ‘हेमाडपंती देऊळ’ म्हणते त्यात काही बिघडत नाही. पण तुम्ही कॉलेजात शिकताय. तुमच्या तोंडी हा शब्द आला की त्याच्यामागे एक प्रश्न तरी यायला हवा. कधीचं? कुणाच्या राज्यातलं? कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा? ‘यादवकालीन’ एवढं लिहिलं तरी कॅप्शन जास्त खरी होते, आणि तेही लिहायच्या आधी तपासावं लागतं.

भुलेश्वरलाच बघा. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या मुरार जगदेवांनी तिथे दौलतमंगळ किल्ला बांधला. देवळाचं आजचं शिखर तर विटा-चुन्याचं, नंतरच्या काळातलं. म्हणजे ‘चुना न वापरता’ हे उत्तर त्या देवळासमोर उभं राहून द्यायचं असेल तर मान खाली ठेवूनच द्यावं लागेल. मूळचं काम आहे ते आत, दगडात. तिथे स्त्रीरूपातला गणपती कोरलाय, तो शोधा. आणि टॉर्च न्या बरोबर, आत चांगलाच अंधार असतो.