संकटकाळात माजी सैनिकांची औषधे : आपली दुकाने आणि सरकारची उधारी

घोडेगाव म्हटले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार उभा राहतो. नेवासे तालुक्यातले, नगर ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव. शनिशिंगणापूरला जाणारी वाट येथूनच फुटते, त्यामुळे वर्दळ बारमाही. अशा बाजारगावांत आपली माणसे गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, किराणा, फळे या धंद्यांत आहेत, आणि अलीकडे औषधशास्त्राची पदविका घेतलेली मुले मेडिकल दुकानांतही उतरली आहेत. आज आम्ही ज्या विषयाकडे व्यापारी व कारागीर बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो तो या मुलांशी अधिक निगडित आहे, पण वेल्डर आणि शिंप्याचाही त्यात वाटा आहे. विषय आहे माजी सैनिकांच्या औषधांचा.

आपल्या जिल्ह्याचे लष्कराशी नाते जुने. रणगाड्यांचे शिक्षण देणारे आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर ही दोन्ही नगरलाच. गावागावांत निवृत्त जवान आहेत. फौजेत नाईक म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, गाव त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारते. १९६५ आणि १९७१ च्या लढाया पाहिलेले हे मेजर आता पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. रक्तदाब, साखर, हृदय, दमा, यांपैकी एखादी तरी गोळी त्यांना रोज लागते. अनेक घरांत मेजर राहिले नाहीत, त्यांच्या पत्नी आहेत. त्यांनाही औषधे तितकीच लागतात, मात्र कागदपत्रांची धावपळ करायला माणूस नसतो.

या सर्वांसाठी केंद्र सरकारची माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. ईसीएचएस या नावाने ती ओळखली जाते. १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. सैनिक निवृत्तीच्या वेळी वर्गणी भरतो, त्याला कार्ड मिळते आणि योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळतात. योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु घोडेगावच्या मेजरला पॉलिक्लिनिकसाठी नगर गाठावे लागते, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. तिथे औषध शिल्लक नसेल तर योजनेने नेमलेल्या स्थानिक औषध विक्रेत्याकडून ते मागवले जाते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१५ च्या अहवालात या योजनेची तपासणी केली, तेव्हा पॉलिक्लिनिकमधील औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवले होते. तेव्हा ही आमची एकट्याची ओरड नाही.

साध्या दिवसांत हे कसेबसे निभते. गाठ पडते ती संकटात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, एसटी बंद, रस्त्यावर पोलीस. ऐंशी वर्षांच्या माणसाने साखरेच्या गोळीसाठी नगरला जायचे कसे? सरकारने तेव्हा दोन गोष्टी केल्या. पहिली, ईसीएचएसच्या सभासदांना काही काळ नेहमीची औषधे बाजारातून विकत घेऊन नंतर पैसे मागण्याची सूट दिली. कोविड झालेल्यांना नाडी-ऑक्सिजन मापक घेण्यासाठी १२०० रुपयांपर्यंतची भरपाईही दिली. दुसरी गोष्ट आमच्या दुकानदारांसाठी महत्त्वाची होती. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक किरकोळ औषध विक्रेत्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध घरपोच देण्याची मुभा मिळाली. चिठ्ठी ई-मेलने आली तरी चालेल, मात्र गिऱ्हाईक त्याच महसुली जिल्ह्यातले हवे आणि जुनाट आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली हवी, अशा अटी होत्या. अंमली औषधे अर्थातच वगळली होती.

म्हणजे संकट आले की मोठी यंत्रणा थांबते आणि भार येतो तो गावातल्या मेडिकलवर. हा अनुभव फक्त कोविडचा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. सांगली, कोल्हापूर, सातारा ही तर सैनिकांची गावे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डीकडच्या भागालाही तडाखा दिला. रस्ता तुटला की शहरातले पॉलिक्लिनिक कितीही भरलेले असो, खेड्यातल्या रुग्णाला ते नसल्यासारखेच.

मग गावातला दुकानदार हा साठा का ठेवत नाही? काही लोक म्हणतात, व्यापाऱ्याला सेवाभाव उरला नाही. आम्हाला हे मान्य नाही. हिशेब मांडून पाहावा.

समजा, एखाद्या मेडिकलने योजनेला महिन्याला छापील किमतीने पन्नास हजारांची औषधे पुरवली. हे काम मिळते ते छापील किमतीवर अधिक सूट देणाऱ्याला. त्याने दहा टक्के सूट दिली असे धरू, म्हणजे बिल झाले पंचेचाळीस हजारांचे. मालाची खरेदी चाळीस हजारांच्या आसपास. हातात राहिले पाच हजार, त्यातून फार्मासिस्टचा पगार, वीज, भाडे. आता बिल सहा महिने अडकले तर सहा महिन्यांत खरेदीचेच दोन लाख चाळीस हजार रुपये बाहेर राहिले. घाऊक व्यापारी थांबत नाही, त्याची मुदत एकवीस-तीस दिवसांची. बँकेचे कर्ज काढणारा दुकानदार दरसाल बारा टक्क्यांनी व्याज भरील. एका महिन्याच्या मालावर सहा महिन्यांचे व्याज २४०० रुपये, म्हणजे नफ्याचा जवळजवळ अर्धा भाग गेला. आणि जो अल्लाहच्या हुकमाप्रमाणे व्याजापासून दूर राहतो, त्याने काय करायचे? त्याच्यापुढे दोनच मार्ग. भाऊबंदांकडून कर्जे-हसना मिळवावे, नाहीतर हे काम सोडून द्यावे. बहुतेक जण सोडून देतात. ईसीएचएसच्या थकलेल्या बिलांचा प्रश्न संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढेही आलेला आहे. मोठी रुग्णालये थकबाकीसाठी सेवा थांबवण्याची भाषा तरी करू शकतात. गावातला दुकानदार कोणाला दम देणार?

येथे कायद्यातली एक गंमत सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ बंधूंना ती माहीत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त नसावी, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हा हक्क उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही 'उद्यम' नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या बिलाच्या संरक्षणातून व्यापारी बाहेरच राहिला. म्हणजे व्यापाऱ्याला सरकारने कर्ज काढण्याची सोय दिली, स्वतःची उधारी वेळेवर फेडण्याचे बंधन मात्र घेतले नाही! आमची मागणी सरळ आहे. निदान माजी सैनिकांना औषधे पुरवणाऱ्या लहान दुकानदारांची बिले ४५ दिवसांत चुकती करावीत. कायदा बदलायला वेळ लागेल, परंतु संरक्षण मंत्रालयाला असा आदेश काढण्यापासून कोणी रोखलेले नाही.

कारागिरांची बाजू तुलनेने बरी आहे. मास्क, रुग्णालयाचे गाऊन, चादरी शिवणारा आपला शिंपी उत्पादक ठरतो. त्याने 'उद्यम' नोंदणी केली असेल तर ४५ दिवसांचा हक्क त्याला मिळतो आणि पैसे थकल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत आले, तीन पदरी मास्कला दहा रुपयांची मर्यादा लागली. त्या दिवसांत घरोघरी शिलाई यंत्रे चालली. पण नोंदणी किती जणांकडे होती? बहुतेकांनी मध्यस्थाला माल दिला आणि मध्यस्थाने ठरवले ते घेतले.

वेल्डर बंधूंसाठीही दोन शब्द. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची टंचाई झाली, तेव्हा केंद्राने मोजके उद्योग सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन रोखला आणि वर्कशॉपमधली सिलिंडर रुग्णालयांकडे वळली. अनेकांनी आपली सिलिंडर आपणहून दिली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु कारखान्याचे सिलिंडर जसेच्या तसे रुग्णाला लावता येत नाही. वैद्यकीय ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरचा खांदा पांढरा असतो, कारखान्याचे सर्व काळे. झडपेला तेल किंवा ग्रीसचा हात लागला तर ऑक्सिजनबरोबर भडका उडू शकतो. त्याची तपासणी आणि सफाई रीतसर केंद्रातूनच व्हायला हवी. तालुक्यात कोणाकडे किती सिलिंडर आहेत आणि त्यांची चाचणी केव्हा झाली, याची एक वही वेल्डरांनी आताच करून ठेवली तर पुढच्या वेळी रात्रीची पळापळ वाचेल.

सरकारला बोल लावताना स्वतःकडेही पाहणे भाग आहे. २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या कुप्या काळ्या बाजारात विकल्या गेल्या. विकणारे सर्व जातिधर्मांचे होते. पण आपल्याकडे लोकांची गरज पाहून माल दडवून ठेवण्याला इहतिकार म्हणतात आणि शरीअतने तो निषिद्ध ठरवला आहे. फौजीच्या बाबतीत तर जबाबदारी अधिक. सैनिकांची आणि त्यांच्या बायकामुलांची नावे वहीत नोंदवून त्यांना बैतुलमालमधून वजिफा देण्याची पद्धत हजरत उमर (रजि.) यांनी सातव्या शतकात घालून दिली. हा वारसा सांगणाऱ्यांच्या दुकानात म्हातारा फौजी रिकाम्या हाताने परतू नये.

करता काय येईल? घोडेगावसारख्या गावातल्या दोन-तीन मेडिकलवाल्यांनी एकत्र बसावे, धर्म कोणताही असो. गावातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची, त्यांच्या संमतीने, औषधांसह यादी करावी. त्यातली नेहमीची पंधरा-वीस औषधे निघतील, ती एक महिना पुरतील इतकी जादा ठेवावीत आणि जुना माल आधी विकत फिरवत राहावे, म्हणजे मुदत संपून नुकसान होणार नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवे, तेव्हा वीज गेल्यावर फ्रीज कशावर चालणार याची सोय आधी पाहावी. यासाठी लागणारा इन्व्हर्टर जमातीच्या निधीतून बिनव्याजी कर्जाने देता येईल. प्रत्येक विक्रीचे पक्के बिल द्यावे, त्यावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत स्पष्ट असावी. मेजरला नंतर भरपाई मागायची ती याच कागदावर. अनेकांचे दावे कच्च्या चिठ्ठीमुळे अडकतात.

आणखी एक माहिती दुकानात लिहून लावावी. तातडीच्या वेळी ईसीएचएसचा सभासद योजनेच्या यादीत नसलेल्या रुग्णालयातही दाखल होऊ शकतो, मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, आणि भरपाई सरकारी दरानेच मिळते. घरच्यांच्या हे ध्यानात राहत नाही. यादी तयार झाली की तिची एक प्रत नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी आणि दुसरी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला. सोबत बिलांच्या मुदतीविषयीचा अर्जही जोडावा, आणि दोन्हींवर पोच घ्यायला विसरू नये.