बाण दीड मीटर खाली का येतो?

मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असं हरवलं. श्लोसर तेव्हा कंपाउंड तिरंदाजीत जगात पहिला होता. पाच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्या साथीने प्रथमेशने सांघिक सुवर्णही आणलं.

शांघायचा हा सामना म्हणजे दहावीच्या विज्ञानाचा तयार धडा आहे. कंपाउंड प्रकारात लक्ष्य पन्नास मीटरवर असतं. बाणाचा वेग सेकंदाला ९० मीटर धरला, तर तो साधारण ०.५६ सेकंदात तिथे पोचतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळपास दीड मीटर खाली ओढतं. लक्ष्याचा कागद अवघा ८० सेंटिमीटरचा. सरळ नेम धरणाऱ्याचा बाण कागदाला शिवणारसुद्धा नाही. दहा गुणांचं वर्तुळ तर आठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे पन्नास मीटरवरून एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही लहान कोनात दिसणारं. गतीचं समीकरण आणि त्रिकोणमिती एकाच बाणात आली.

प्रथमेशच्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या मुलांपर्यंत हा धडा मोबाइलवरून आणि मराठीतून पोचायला हवा. त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, डिजिटल धड्यांचं दीक्षा हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. पुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी दाखवली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. रस्ता झाला, आता त्यावरून काय न्यायचं हा प्रश्न आहे. फळ्यासमोरचं व्याख्यान चित्रित करून पाठवलं की ऑनलाइन शिक्षण झालं, अशी समजूत कोरोनाच्या काळात रुळली. ती मोडायला हवी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या चौथ्या प्रकरणात खेळांची सांगड इतर विषयांशी घालण्याची शिफारस स्पष्ट शब्दांत आहे आणि त्यात देशी खेळांचा उल्लेख आहे. अमेरिकेत एनबीसी लर्न आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन यांनी २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने खेळाडू आणि शास्त्रज्ञांना सोबत घेऊन छोट्या चित्रफिती केल्या, शिक्षकांसाठी पाठ जोडले आणि सगळं मोफत ऑनलाइन ठेवलं. पण बर्फावरच्या घसरण्यातून घर्षण शिकणं वऱ्हाडातल्या मुलांना परकं वाटेल. त्यांच्याकडे कबड्डी आहे.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. क्षेत्रफळाचं गुणोत्तर काढा, मग फक्की आणि दोरी घेऊन शाळेच्या आवारात ते आखा. काटकोन अचूक येण्यासाठी पायथागोरसच लागतो. ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण गवंडीही वापरतो. चारशे मीटरच्या धावपट्टीवर दुसऱ्या पट्टीतला धावपटू ७.०४ मीटर पुढे का उभा असतो, याचं उत्तर वर्तुळाच्या परिघात आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावली. त्याचा सरासरी वेग निघतो ताशी २२ किलोमीटर, तोही ३५ अडथळे पार करत. मुलांनी स्वतः शंभर मीटर धावून, मोबाइलच्या घड्याळावर वेळ घेऊन आपला वेग त्याच्याशी ताडून पाहावा.

विज्ञान-गणितापुरतंच हे नाही. दहावीच्या इतिहासात ‘खेळ आणि इतिहास’ हा स्वतंत्र पाठ आहे. भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करतं, आणि ब्राझील म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आधी फुटबॉल येतो. शिक्षकाने तिथूनच सुरुवात करावी.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, बोर्डाचा अभ्यासक्रम संपत नाही, खेळाला वेळ कुठून आणायचा? पण अभ्यासक्रम संपणं आणि तो समजणं यात मोठी दरी आहे. ‘असर’ या शिक्षण अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. धडे पुढे सरकले, पण भागाकार मागेच राहिला. धावांची सरासरी आणि स्ट्राइक रेट तोंडी सांगणाऱ्या मुलांना भागाकार येऊ शकतो. तो त्यांच्यापुढे ओळखीच्या रूपात ठेवावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फोन मुला-मुलींकडे सारखा नाही. त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. फोन भावाच्या हातात आणि मैदानही त्याचंच, अशी स्थिती राहिली तर हे धडे मुलींना आणखी मागे टाकतील. म्हणून चित्रफीत पाच-सात मिनिटांचीच असावी, वर्गातल्या एकाच पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहावी, आणि मोजमापाचं काम मुला-मुलींच्या मिश्र गटांनी शाळेच्या वेळेतच करावं. पहिल्या धड्यांत साताऱ्याची अदिती स्वामी असलीच पाहिजे. २०२३ मध्ये बर्लिनला ती वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बालभारतीने सुरुवातीला असे दहाच धडे करावेत. त्यात क्रीडाशिक्षक आणि विषयशिक्षक बरोबरीने असावेत. सिंदखेडराजा तालुक्यातल्या माध्यमिक शाळांत ते एक सत्र वापरावेत आणि घटक चाचणीत गती, त्रिकोणमिती, सरासरी यांवरच्या प्रश्नांचे गुण आधीच्या गुणांशी ताडून जाहीर करावेत. मुलींचे गुण वेगळे मांडावेत. फरक दिसला नाही तर धडे बदलावेत. दिसला तर पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडताना, ते जिल्हाभर न्यावेत.