शोभेचं झाड

आमच्या हॉलच्या खिडकीत कॅलामॉन्डिनचं झाड आहे. पाच वर्षांपूर्वी इथं इंग्लंडमध्ये आलो, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात हौसेनं आणलं. कुंडीत चिठ्ठी खोचलेली: 'शोभेचं संत्रं'. आवळ्याएवढी केशरी फळं, एकदम गोजिरवाणी!

बिचाऱ्याला थंडी वाजेल म्हणून मी ते रेडिएटरशेजारी ठेवलं. निम्मी पानं गळली. तहान लागली असेल म्हणून रोज पाणी घातलं, तर उरलेलीही गळायला लागली. मग वाचल्यावर कळलं की हिवाळ्यात याला रेडिएटरची ऊब नकोच असते. भरपूर उजेड, जराशी गार जागा, आणि वरची माती सुकल्यावरच पाणी. मुळं सतत ओली राहिली की कुजतात. म्हणून खिडकीत हलवलं, तेव्हा कुठे सावरलं. आता फुलं आली की सगळं घर घमघमतं.

फळं मात्र आम्ही कधी तोडली नाहीत. पाहुणे विचारायचे, "खरी आहेत?" आम्ही म्हणायचो, "हो, पण शोभेची."

मागच्या हिवाळ्यात आई आली. भांडी घासायला मशीन, बाहेर थंडी. "आई, तू नुसती बस गं," हे आमचं पालुपद. ती बसायची, त्याच खिडकीत, झाडाशेजारी. एकदा जेवताना उठली, एक फळ तोडलं, कापलं आणि वरणभातावर पिळलं.

"अगं, ते शोभेचं आहे!" मी ओरडलोच.

"चांगलं आंबट आहे की. शोभेचं कोण म्हणालं?"

खरंच, कोण म्हणालं? फिलिपिन्समध्ये याच फळाला कालामन्सी म्हणतात. तिथे ते माशांवर, नूडल्सवर पिळतात, सरबत करतात. इथे चिठ्ठी खोचली की झालं शोभेचं! (दुकानातून फळांसकट आणलेलं झाड असेल तर ती फळं खाऊ नका, फवारणी झालेली असू शकते. घरी धरलेली खा.)

माझं स्पष्ट मत सांगतो. फळ धरणाऱ्या झाडाला शोभेचं म्हणू नये, आणि घरातल्या माणसाला शोभेचं करू नये. "तू नुसती बस" यात प्रेम असतं, नाही असं नाही. पण आता मला ते वाक्य त्या चिठ्ठीसारखंच वाटतं.

त्यानंतर आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जाताना सालीसकट लोणच्याची बरणी भरून गेली. मीठ जरा जास्त झालंय. असो. पुरवून पुरवून खातोय.