घाट समोर, नावेचं तोंड वर

दहावीचं गणित सुरू झालं की आपल्याकडे घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: हे साइन-कोसाइन शिकून उपयोग काय? मूल मराठी माध्यमाचं असो की कन्नड, प्रश्न तोच. गंमत म्हणजे उत्तरातले शब्दही तेच. त्रिकोणमिती, वेग, सदिश हे शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखेच. आणि उत्तर आहे आपल्या नदीत.

कृष्णेच्या एका काठाला खिद्रापूर, पलीकडे जुगूळ. एक महाराष्ट्रात, दुसरं कर्नाटकात. अशा ठिकाणी नावेत बसलेल्यांनी पाहिलं असेल, उतरायचा घाट समोर असतो, पण नावाडी, म्हणजे आपला अंबिग, नावेचं तोंड घाटाच्या बरंच वर, प्रवाहाच्या विरुद्ध अंगाला धरतो. नवख्याला वाटतं, हा भलतीकडेच निघाला. तरी नाव लागते ती बरोबर घाटाला.

हिशेब करून पाहू. समजा पात्र २०० मीटर रुंद आहे. वल्ह्यांच्या जोरावर नाव ताशी ५ किलोमीटर जाते आणि पाण्याला ओढ आहे ताशी ३ किलोमीटर. नाव सरळ समोर धरली, तर पलीकडे पोचायला २ मिनिटं २४ सेकंद लागतील. पण तेवढ्या वेळात पाणी नावेला १२० मीटर खाली नेईल. घाट राहिला वर, आपण उतरलो कुणाच्या तरी उसाच्या मळ्यात!

ज्या राशीला आकडा आणि दिशा दोन्ही असतात, ती सदिश. नावेचा वेग हा एक सदिश, पाण्याचा वेग दुसरा. नाव या दोघांच्या बेरजेनं जाते. म्हणून अंबिग आपल्या ५ मधले ३ प्रवाहाला तोंड द्यायला खर्च करतो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५, एक बाजू ३, मग उरलेली बाजू ४. साइन म्हणजे ३ भागिले ५, आणि कोन सुमारे ३७ अंश. नावेचं तोंड तेवढं वर वळवलं की नाव ताशी ४ किलोमीटरनं सरळ समोर सरकते आणि ३ मिनिटांत घाटाला लागते. थोडा वेळ जादा, पण मुक्काम नेमका. काठाजवळ पाणी संथ आणि मध्यावर ओढ जास्त, म्हणून जाणता अंबिग हा कोन वाटेत बदलत राहतो. त्यानं साइनचा तक्ता पाहिलेला नसतो. त्याचा तक्ता हातात असतो.

आता ओढ ४ झाली, तर कोन ५३ अंशांवर जातो आणि वेळ ४ मिनिटांवर. ओढ ५ झाली, की सगळं बळ प्रवाहाशी झुंजण्यातच संपतं. पलीकडे जायला काही उरतच नाही. त्यापुढे घाटाला नेमकं नेणारा कोनच नसतो. कितीही कसबी हात असो, नाव खाली वाहत जाणार. शिवाय पुरात पाण्याखालची झाडं, तारा आणि नावेतली जादा माणसं हेही आडवं येतं. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी घरांतली माणसं गेली. ते दुःख कृष्णाकाठ विसरलेला नाही.

मुलांना हे घरी दाखवता येतं. फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरा. त्यावरून चावीची मोटार आडवी सोडा आणि कागद एका बाजूला सावकाश, एकसारखा ओढा. मोटार तिरकी जाईल. मग तिचं तोंड किती वळवलं तर ती सरळ जाते, ते मुलांनाच शोधू द्या. शेवटी कागद जोरात ओढा. कसंही वळवलं तरी ती सरळ जात नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

साइनची किंमत एकपेक्षा मोठी होत नाही, हे पुस्तकातलं वाक्य नदीकाठी जीव वाचवणारं आहे. पावसाळ्यात अंबिग ‘आज ब्याड’ म्हणाला, तर त्याला दोन रुपये जादा देऊन गळ घालू नये. त्याचं गणित पक्कं असतं.